व्याजाचे दिवस कसे मोजावे?

वर्षाचे दिवस किती, हा प्रश्न शाळकरी मुलासहि सोपा वाटेल. परंतु त्याच प्रश्नापायीं दोन सख्ख्या भावांत अबोला झालेला मीं पाहिला आहे. धाकट्यानें थोरल्याकडून १,००,००० रुपये दरसाल दरशेंकडा ८ प्रमाणें सरळ व्याजानें घेतले. मुदत १ जानेवारी ते १ जुलै २०२३. थोरल्याच्या संगणकावर एक्सेलनें व्याज ४,००० रुपये दाखविलें. धाकट्यानें हातानें दिवस मोजून ३,९६७ रुपये १२ पैसे काढिले.

हिशेब दोघांचेहि बरोबर होते! प्रत्यक्ष दिवस १८१. त्यांस ३६५ नीं भागिलें कीं धाकट्याचा आंकडा येतो. एक्सेलचें ‘इयरफ्रॅक’ हें सूत्र मात्र, रीत न सांगितल्यास, अमेरिकन ३०/३६० रीत धरतें. तींत प्रत्येक महिना ३० दिवसांचा व वर्ष ३६० दिवसांचें. म्हणून दिवस भरले १८०, म्हणजे नेमकें अर्धें वर्ष. ही रीत खोटी नव्हे; भारत सरकारच्या मुदतीच्या रोख्यांचें व्याज आजहि ३०/३६० नेंच मोजतात, आणि ट्रेझरी बिलांस प्रत्यक्ष दिवस व ३६५ लावितात. सूत्राच्या अखेरीस ३ हा आंकडा घातला असतां एक्सेलहि धाकट्याचेंच उत्तर देतें. २ घातल्यास प्रत्यक्ष दिवसांस ३६० नीं भागून ४,०२२ रुपये २२ पैसे.

तात्पर्य, व्याजाच्या कागदावर दराशेजारीं दिवस मोजण्याची रीतहि लिहावी. ती आधीं लिहिली असती, तर ३२ रुपये ८८ पैशांसाठीं भावाला भाऊ पारखा झाला नसता.