दोन औंस माती

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रुसेल्स नगराजवळ यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट नावाचा एक वैद्य राहत असे. झाडे माती खाऊन वाढतात, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. नुसत्या समजुतीवर विसंबून राहणे हेल्मोंटला मान्य नव्हते. त्याने ती तराजूत घालून पाहण्याचे ठरविले.

भट्टीत वाळविलेली २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो माती त्याने एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. ओढ्याकाठी आढळणाऱ्या वाळुंजाच्या जातकुळीचेच हे झाड होय. बाहेरची धूळ आत पडू नये म्हणून त्याने कुंडीवर भोके पाडलेले लोखंडी झाकण बसविले. रोपाला तो फक्त पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी घालीत असे. अशी पाच वर्षे लोटली. मग त्याने झाड उपटून त्याचे वजन केले. ते सुमारे १६९ पौंड भरले! कुंडीतील माती पुन्हा वाळवून तोलली, तो तिच्यात अवघी दोन औंसांची तूट आली. दोन औंस म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम, मूठभर मातीसुद्धा नव्हे.

मग एवढे लाकूड, साल आणि मुळे आली कोठून? ती पाण्यापासून झाली, असा निष्कर्ष हेल्मोंटने काढला. तो अर्धाच खरा होता. गंमत अशी की, ‘गॅस’ हा शब्द रूढ करणारा शास्त्रज्ञ हाच. कोळसा जळताना निघणारा वायू त्याला ठाऊक होता. परंतु तोच वायू हवेतून घेऊन झाडे वाढतात, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ याने सूर्यप्रकाशातच हिरव्या पानांचे कार्य चालते, असे दाखवून दिले. आज हे निश्चित झाले आहे की, झाडाच्या शरीराचा फार मोठा भाग हवा आणि पाणी यांपासून, सूर्यप्रकाशाच्या बळावर, पानांत तयार होतो.

तर मग त्या दोन औंसांना काहीच महत्त्व नाही काय? इतकी लहान तूट तराजूच्या चुकीनेही येऊ शकते, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर निराळ्या प्रयोगांनी दिले. १६९९ मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पावसाच्या स्वच्छ पाण्यात रोपे थोडी वाढली, थेम्स नदीच्या पाण्यात अधिक वाढली आणि बागेतील माती कालविलेल्या पाण्यात त्याहूनही पुष्कळ वाढली. म्हणजे मातीतून काहीतरी उतरत होते खास! १८६० च्या सुमारास जर्मनीत सॅक्स व क्नॉप यांनी मातीचा कणही न वापरता, ठराविक क्षार विरघळविलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. अशा पाण्यातून एकेक क्षार वगळून पाहता येतो. नत्र नसेल तर रोप खुरटते आणि जुनी पाने प्रथम पिवळी पडतात. लोह नसेल तर कोवळी पाने फिकट होतात. स्फुरद, पालाश यांचेही तसेच. एका द्रव्याची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल, तर बाकीच्या कितीही उंच असल्या तरी पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहते. पिकाची गतही अशीच असते.

पाण्यात रोप वाढते, तर मातीची गरज ती काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. आज काही हरितगृहांत नारळाच्या काथ्याच्या भुशात भाज्या व फुले पिकवितात. परंतु त्या भुशात पोषक द्रव्ये फारशी नसतात. ती रोज मोजून पाण्यातून द्यावी लागतात. माती हेच काम आपल्या आपण करते. ती झाडाला आधार देते, पाणी साठविते आणि क्षार धरून ठेवते. तिच्यातील असंख्य सूक्ष्म जीव पालापाचोळा कुजवून त्यातील द्रव्ये मुळांसाठी मोकळी करतात. सर्व मातींचा स्वभाव मात्र सारखा नसतो. दख्खनची काळी माती बारीक कणांची. ती ओल दीर्घकाळ धरते, म्हणून रब्बीची ज्वारी पावसावाचूनही तग धरते. परंतु तीत पाणी साचले, तर कणांमधील हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. कोकणच्या जांभ्या जमिनीतून पाण्याचा निचरा चटकन होतो. पण मुसळधार पावसाबरोबर तेथील क्षारही वाहून जातात.

खत म्हणजे त्या दोन औंसांची भरपाई होय. रानात गळलेले पान तेथेच कुजते आणि मातीचे देणे मातीला मिळते. शेतातील धान्य मात्र बाजारात जाते व त्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाशही जातात. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे एका शेतात १८४३ पासून गहू पेरला जात आहे. त्यातील एका पट्ट्याला कधीच खत दिलेले नाही. तेथे आजही थोडासा गहू येतो. शेणखत किंवा पुरेसे रासायनिक खत मिळणाऱ्या पट्ट्यांत त्याच्या कित्येक पट येतो.

म्हणून खत जितके अधिक तितके पीक अधिक, असे मात्र नव्हे. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते. मुळाशी क्षारांचा अतिरेक झाला की मुळांतील पाणीही असेच बाहेर ओढले जाते आणि ओल्या जमिनीत रोप सुकते. कृष्णाकाठच्या अनेक उसाच्या शेतांत पाण्याचा अतिरेक व अपुरा निचरा यांमुळे जमिनीतील क्षार वर आले आणि चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या. यासाठी मातीची परीक्षा करून, जे उणे असेल तेच आणि तेवढेच द्यावे. शेणखत, कंपोस्ट यांनी मातीचा पोत सुधारतो. तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र जमिनीत आणतात.

झाड मातीकडून फार थोडे मागते. पण ते थोडे मिळाले नाही, तर भोवती हवा, पाणी आणि ऊन कितीही असून उपयोग होत नाही. जो शेतकरी ते थोडे न विसरता परत करतो, त्याची जमीन त्याच्या नातवंडांनाही पिकवून देते.