पोटातला गंज

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडे घराचा कानाकोपरा झाडला जातो. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, आणि दारात जुनी मोटार असलीच तर तिलाही अभ्यंगस्नान घडते. मात्र त्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीत डोकावून पाहावे, असे कुणाच्या मनात येत नाही. यंदा मौद्याला आमच्यावर ती वेळ आली, आणि जे दिसले ते वाचकांच्या कानांवर घालण्याजोगे वाटले.

आमची गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने जी गाडी बनत असे, तिलाच १९७४ च्या सुमारास हे राणीचे नाव मिळाले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची पद्मिनी मात्र अजून नोकरीत आहे. महिन्यातून दोनदा आईला डोळ्यांच्या उपचारासाठी नागपूरला न्यायचे, हे तिचे काम. दुसऱ्या गाडीत आई बसायला तयार नसते. कारण ही वडिलांनी घेतलेली.

श्रावणापासून या गाडीने एक विचित्र छंद धरला. आठ-दहा किलोमीटर झकास धावायचे, मग आचके देत बंद पडायचे. दहा मिनिटे उभी ठेवली की पुन्हा काही झालेच नाही अशा थाटात सुरू! महामार्गावर शेजारून ट्रक धडधडत जात आहेत आणि मागच्या आसनावर सत्तरी उलटलेली आई बसली आहे, अशा वेळी या छंदाचे कौतुक वाटत नाही. प्लग तपासले, पंप उघडला, दोन्ही निर्दोष. शेवटी गावातल्या एका वयस्क मिस्त्रींनी पेट्रोलचा फिल्टर काढून वाटीत झटकला. तांबूस गाळ खाली आला.

“सर, गाडी पेट्रोल नाही, जंग पिऊन राहिली जी!”

आमच्या विदर्भात ‘गंज’ म्हटले की आधी दुधाचे पातेलेच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे लोखंडाच्या रोगाला इकडे ‘जंग’ म्हणणेच सोयीचे. नाव काही असो, रोगाची रीत मोठी धूर्त. गाडी धावू लागली की पेट्रोलबरोबर हा गाळ नळीच्या तोंडाशी ओढला जातो आणि वाट अडवतो. गाडी थांबली की तो पुन्हा तळाशी बसतो आणि वाट मोकळी होते.

पण बंद टाकीत पाणी येते कुठून? टाकी श्वास घेते. पेट्रोल जसजसे कमी होते, तसतशी बाहेरची हवा आत शिरते. पावसाळ्यात ती दमट असते, आणि रात्री पत्रा गार झाला की तिच्यातले बाष्प थेंब होऊन तळाला उतरते. म्हणजे अर्धी रिकामी, आठवडेच्या आठवडे उभी असलेली गाडी आपल्या पोटात आपणच पाणी भरत असते. त्यात इथेनॉलची भर. आपल्या देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. पाणी मर्यादेबाहेर गेले की दोघे मिळून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. जुन्या गाड्या या मिश्रणासाठी घडवलेल्या नाहीत.

पत्रा शाबूत असेल तर उपाय घरगुती वाटावा इतका साधा आहे. टाकी उतरवून ती रिकामी करायची आणि साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची. आत मूठभर नट घालून खुळखुळ्यासारखी हलवायची. सुटे पोपडे निघतात. मग दहा लिटर कोमट पाण्याला अर्धा किलो सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबाचे सत्त्व, या प्रमाणात भरून एक दिवस मोकळ्या हवेत ठेवायची. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून लगेच वाळवायची. कारण उघडे पडलेले लोखंड पाहता पाहता पुन्हा तांबूस होते. यासाठी काही कारागीर फॉस्फोरिक आम्ल वापरतात. त्याने लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर बसतो. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, तोही अशाच थराच्या आश्रयाने. त्याच्या लोखंडातच फॉस्फरस भरपूर आहे.

आमच्या टाकीचे दैव एवढे थोर नव्हते. मिस्त्रींनी तळाच्या सांध्यावर पेचकस टेकवून किंचित दाबला, तो आरपार गेला. जवळ उभा असलेला एक कारागीर म्हणाला, “पंधरा मिनिटांत डाग देतो.” त्याने दिवा पेटवायला काडी काढली, तोच मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

त्या क्षणी जे समजले, ते प्रत्येक घरात माहीत असावे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. भरलेल्या टाकीत हवेला फारशी जागा नसते. रिकामीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दबा धरून बसलेले असते. हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड. नुसते झाकण उघडे ठेवल्याने ती जात नाही. म्हणून टाकीला डाग द्यायचा किंवा ती सांधायची, तर ते काम वाफ पूर्ण काढून टाकण्याची रीत जाणणाऱ्याचेच. आणि तळ चाळणीसारखा झाला असेल, तर तिथे डाग देणे व्यर्थच.

टाकी बदलायची ठरली. उत्पादन थांबलेल्या गाडीची कोरी टाकी मिळेना. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एक मिळाली. तिचा पत्रा जाड होता, पण आत गंज होताच! तो वर सांगितलेल्या रीतीने काढला, नळी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला आणि नवा फिल्टर घातला. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तोही बदलला. तेव्हापासून नागपूरच्या फेऱ्या विनातक्रार चालल्या आहेत.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी एवढे करावे: गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, अधूनमधून तिला फिरवून आणावे, आणि फिल्टरमध्ये तांबडे कण दिसले तर टाकी उतरवायला वेळ लावू नये. वरचा रंग कितीही चकचकीत असो, त्यावर भिस्त ठेवू नये.