साठीनंतर सायकलवरून अमेरिका ओलांडताना

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत, सुमारे ३००० मैल! ती बातमी वाचल्यापासून आमच्या भावोजींच्या डोक्यात जे चाक फिरू लागले, ते निवृत्तीनंतरही थांबेना. वय ६४, डावा गुडघा कुरकुरणारा, रक्तदाबाची गोळी चालू. शेवटी ताईचा फोन आला, "तू इंजिनीअर ना? मग हे जमणार नाही, हे त्यांना गणित मांडून सांग." गणित मांडले, पण उत्तर ताईला हवे तसे आले नाही.

महाजन बंधू आळीपाळीने रात्रंदिवस सायकल मारत होते. ती शर्यत होती, आपल्याला सफर करायची आहे. तेव्हा आधी रस्ता निवडू. मोंटानातल्या मिझुला गावची 'ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन' ही संस्था सायकलस्वारांसाठी नकाशे काढते. तिचा १९७६ चा जुना मार्ग ओरेगॉनहून व्हर्जिनियाला जातो. तो ४२०० मैलांचा आहे आणि कोलोरॅडोत साडेअकरा हजार फुटांवरची खिंड ओलांडतो. तो हौशी तरुणांसाठी सोडून द्यावा. 'सदर्न टियर' हा मार्ग सान दिएगोहून फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला जातो. आठ राज्ये, सुमारे ३००० मैल आणि सर्वांत उंच जागा न्यू मेक्सिकोतली एमरी खिंड, ८२२८ फूट. आपल्यासाठी हा बरा.

दिवसाला सरासरी ४५ मैल धरले तर ६७ दिवस होतात. पाच दिवसांनंतर एक दिवस पूर्ण विश्रांती धरली की झाले ८० दिवस. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाले की मेअखेर पोहोचता येते आणि वाळवंटातला उन्हाळा टळतो. वसंतात न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्सासमध्ये वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून निघायचे तेही पश्चिमेकडून. पण याची एक किंमत आहे. सान दिएगोचा समुद्रकिनारा सोडल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांतच चार हजार फुटांवर चढावे लागते, तेही पाय तयार नसताना. त्यामुळे पहिला आठवडा २०-२५ मैलांचाच ठेवावा. शिवाय सरासरी हा शब्द फसवा आहे. टेक्सासमध्ये सँडरसन ते लँगट्री आणि लँगट्री ते डेल रिओ हे दोन्ही टप्पे साठ-साठ मैलांचे आहेत आणि मध्ये फारसे काही मिळत नाही. एकटे टेक्सासच मार्गाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाते.

आता गुडघ्याचा प्रश्न. माझ्या मते सगळी सफर इथेच ठरते. पुढच्या चक्रीचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते, गुणिले चाकाचा व्यास, हा गिअरचा आकडा. भावोजींच्या सायकलचा सर्वांत हलका गिअर ३० आणि २८ दात्यांचा. चाक २७ इंची, म्हणजे आकडा २९. माणूस ७५ किलोचा, सायकल आणि सामान मिळून ३० किलो आणि रस्ता शंभर फुटांना सहा फूट चढणारा. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पाच मैल पडतो आणि पायांना सुमारे १५५ वॅट शक्ती द्यावी लागते. तेच पुढे २६ आणि मागे ३६ दाते घेतले की आकडा १९.५ होतो, वेग ताशी साडेतीन मैल आणि शक्ती साधारण १०५ वॅट. साडेतीन मैल म्हणजे चालण्याचाच वेग, पण लाजायचे काय त्यात? साठीतल्या सराव असलेल्या माणसाकडून १०० वॅट तासन्‌तास अपेक्षिता येतात, १५५ नाहीत. "मी जुन्याच गिअरवर सावकाश पाय मारीन," असे भावोजींचे म्हणणे. मिनिटाला ४० फेऱ्या मारल्या तर शक्ती तेवढीच लागेल हे खरे, पण प्रत्येक फेरीला पायडलवर जोर दीडपट पडेल, आणि तो गुडघ्यातूनच जाईल. चक्र्या बदलण्याचा खर्च गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपुढे किरकोळ आहे.

सामानाचेही तसेच. तंबू-स्टोव्ह वगळून मोटेलांत राहिले, किंवा घरचे कोणी गाडी घेऊन बरोबर आले, तर दहा-बारा किलो सहज कमी होतात आणि चढावरची शक्तीही जवळपास दहा टक्के वाचते. हे ऐकल्यावर ताईने पहिल्यांदा नकाशा हातात घेतला.

तब्येतीबाबत मात्र मी तिच्याच बाजूचा. आपल्या उपखंडातल्या लोकांना हृदयविकार लवकरच्या वयात गाठतो, म्हणून निघण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाला भेटून, त्यांच्या सल्ल्याने ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके नेहमीइतके वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नये. चालवताना बोलता येते का, हे पाहावे. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते, म्हणून पाणी तहानेवर नव्हे, घड्याळावर प्यावे. पासष्टीनंतरच्या मंडळींनी आणखी एक पाहावे. मूळ मेडिकेअर देशभर चालते, पण मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या पुष्कळ योजना आपल्या भागाबाहेर तातडीच्या उपचारांपुरत्याच असतात.

खाण्याची मात्र चंगळ! बीन्स आणि टॉर्टिया सर्वत्र मिळतात. शाकाहाऱ्यांनी बीन्समध्ये डुकराची चरबी घातली आहे का, एवढे विचारावे. आणि नैर्ऋत्येच्या रस्त्यांवर टायर फोडणारे जे 'गोटहेड' काटे आहेत, ते दुसरे तिसरे कोणी नसून आपल्या माळावरचे सराटेच! जादा ट्यूब घ्याव्यात.

ताई आणि भावोजींचा समेट एका अटीवर झाला आहे. या ऑक्टोबरात पिट्सबर्गहून कंबरलँडपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेने १५० मैल आणि तिथून कालव्याकाठच्या वाटेने वॉशिंग्टनपर्यंत १८४ मैल, असे आठ दिवसांत जायचे. चढ अगदी मंद आहे, त्यामुळे इथे चढाची परीक्षा नाही, रोज सकाळी पुन्हा सायकलवर बसण्याची आहे. नवव्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो, ते ताई स्वतः विचारणार आहे. त्यानंतरच मार्चमधल्या मोटेलांची नोंदणी.