समानार्थी शब्द समान नसतात

एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर इंग्रजी शब्दसंग्रहाची पुस्तके हमखास दिसतात. डावीकडे शब्द, पुढे समानार्थी, त्यापुढे विरुद्धार्थी. बँकेच्या, स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेला बसणारी मुले या याद्या घोकतात. चार पर्यायांतून एक निवडायला हे पाठांतर कामी येतेही. पण उद्या मुलाखतीत बोलायचे असते, साहेबाला पत्र लिहायचे असते. तिथे पर्याय कुणी छापून देत नाही. यादीत 'फ्रूगल', 'थ्रिफ्टी' आणि 'मायझरली' शेजारी शेजारी बसलेले असतात. मुलाखतीत एखादा मुलगा स्वतःला 'मायझरली' म्हणाला, तर काटकसरी म्हणायला जाऊन तो कंजूष ठरतो. नोकरी अशीही हुकते.

इंग्रजीत एका अर्थाला इतके शब्द आले कुठून? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच भाषा आली. शेतकऱ्याच्या तोंडी जुनी इंग्रजीच राहिली. लॅटिन चर्चमधून आणि विद्वानांच्या ग्रंथांतून येत राहिली. म्हणून 'आस्क' हा घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचच्या वाटेने आलेला आणि 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. आईला 'आस्क' करायचे. 'इंटरॉगेट' करतात ते पोलीस. मेंढी रानात 'शीप' असते, ताटात आली की फ्रेंच वळणाची 'मटन' होते. (आपण बकऱ्यालाच मटन म्हणतो, ही आणखी निराळी गंमत!)

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपल्याकडे 'पुसणे' आहे, संस्कृतातला 'प्रश्न' आहे आणि अरबी 'जवाब'वरून आलेला 'जाब'ही आहे. वाटसरूला गाव पुसतात, सभागृहात प्रश्न विचारतात आणि रस्ता खाणाऱ्या गुत्तेदाराला जाब विचारतात. आमच्या घरात माणूस गेला की त्याचा इंतकाल होतो, वर्तमानपत्रात त्याचे निधन होते आणि तलाठ्याच्या कागदावर तोच 'मयत' होतो. कवितेत यातला एक शब्द काढून दुसरा बसवा, ओळ मोडलीच म्हणून समजा. इंग्रजीत 'डाय', 'पेरिश' आणि 'एक्स्पायर' यांचे तसेच आहे. आपल्याकडच्या इंग्रजी पत्रांत माणूस सर्रास 'एक्स्पायर' होतो. इंग्लंडमध्ये आज या शब्दाने मुख्यतः पासपोर्टची, औषधाची मुदत संपते.

पीटर रॉजे या डॉक्टरने १८५२ साली आपला 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. शब्दकोशासारखा तो अकारविल्हे नव्हता, कल्पनांच्या गटांनी लावलेला होता. मनात आहे पण ओठांवर येत नाही, असा शब्द शोधणाऱ्यासाठी ती सोय. भाषा येणाऱ्याचे हे साधन आपण भाषा शिकणाऱ्याच्या हाती दिले, आणि तेही गाळून, नुसत्या याद्या करून! माझ्या मते रोज पन्नास शब्दांपेक्षा पाच शब्द पुरेत; पण प्रत्येक शब्द वाचनात जिथे भेटला, त्या वाक्यासकट वहीत उतरवावा. तो कुणाच्या तोंडी आला, स्तुतीसाठी की टोमण्यासाठी, एवढे शेजारी टिपून ठेवावे.

विरुद्धार्थी शब्दांचे प्रकरण याहून नाजूक आहे. 'ओल्ड'च्या उलट माणसाच्या बाबतीत 'यंग', घराच्या बाबतीत 'न्यू'. पेपर 'हार्ड' असेल तर उलट 'इझी', गादी 'हार्ड' असेल तर 'सॉफ्ट'. त्यात 'इन' लावला की शब्द उलटतो, हा नियम मुलांनी पाठ केलेला असतो. पण 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनमोलाचे नव्हे, मोल करता येणार नाही इतके अमूल्य. आणि पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे रंगवलेले असते. नियम पाठ असलेल्याला वाटेल, हे पेटत नाही. खरा अर्थ, झटकन पेट घेणारे. इथला 'इन' नकाराचा नाही, लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदातून तो आलेला आहे. या घोटाळ्यात जीव जाईल, म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी नुसता 'फ्लेमेबल' लिहा, असा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. न पेटणाऱ्या वस्तूला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात.