खोक्यावरची अक्षरं

कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडायच्या आधीचे पंधरा दिवस धाराशिवच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. ढोकी, तेर, येडशी, कळंब, सगळीकडून ट्रॅक्टरवाले येतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॉल्यांची बेअरिंगं गंजलेली असतात, ब्रेकचे लायनर संपलेले असतात आणि एकदा ऊसवाहतूक लागली की दुरुस्तीला सवड मिळत नाही. मागच्या हंगामाआधी अशाच एका दुकानात मी तीन दिवस काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून होतो. गिऱ्हाईक खोक्यावरचं नाव कसं ओळखतं, एवढंच मला बघायचं होतं.

पहिल्या तासातच लक्षात आलं की नाव वाचून माल मागणारे थोडे. बहुतेक जण जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात आणि काउंटरवर ठेवतात. दुकानदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, तो पार्ट फडक्यानं पुसतात, उजेडाकडं धरतात आणि त्यावर ठोकलेला नंबर वाचतात. मग ठरलेला प्रश्न येतो, "कंपनीचा देऊ का लोकल?"

"लाल खोक्यातला द्या, अण्णा. मागच्या साली नेलता तोच."

लाल खोकं, निळं खोकं, पिवळ्या पट्ट्याचं खोकं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात मार्का असा बसलेला असतो. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात चिन्हाच्या व्याख्येत शब्द, अक्षरं, आकडे यांच्या जोडीला वस्तूचा आकार, तिचं वेष्टन आणि रंगांची जुळणी का घातली आहे, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यासाठी रंग हीच सही असते.

नक्कल करणाराही नेमका तिथंच हात घालतो. अण्णांनी माळ्यावर ठेवलेली दोन खोकी मला दाखवली. रंग तोच, पट्टा तोच, नावातलं एक अक्षर बदललेलं. शेजारी शेजारी ठेवली तर फरक दिसतो, पण गिऱ्हाईक दोन खोकी कधी शेजारी ठेवत नाही. त्याच्याकडं एक खोकं असतं आणि दुसऱ्याची वर्षापूर्वीची आठवण. सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या वादात हीच कसोटी लावली होती: साधारण बुद्धीचं, अर्धवट आठवणीचं, बेसावध गिऱ्हाईक फसेल का? औषधासाठी लावलेली ही कसोटी ब्रेकच्या लायनरला तर जास्तच लागू पडते.

माझ्या घरचं सांगतो. वडिलांच्या ट्रॅक्टरला एकदा कंपनीचा म्हणून घेतलेला ऑइल फिल्टर बसवला. तो कंपनीचा नव्हता. आतला कागद फुटून तेलाच्या वाटेत गेला आणि ऐन पेरणीत इंजिन जाम झालं. दुरुस्तीसाठी आईची पाटली गहाण पडली. बिल घेतलेलं नव्हतं आणि खोकं चुलीत गेलं होतं, त्यामुळं भांडायला हातात काही नव्हतं. गाडीच्या कंपन्या नावासाठी, आकारासाठी कोर्टात जातात, तेव्हा ते श्रीमंतांचं भांडण आहे असं मला कधीच वाटत नाही, ते यामुळं.

अण्णांच्या रॅकवर माल तीन प्रकारचा येतो. पहिला ट्रॅक्टर किंवा गाडीच्या कंपनीच्या नावाचा. दुसरा लहान कारखान्यांचा. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव मोठं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'अमुक गाडीसाठी योग्य' असं छापलेलं असतं. हे छापणं पूर्ण कायदेशीर आहे. पार्ट कोणत्या गाडीला बसतो हे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव वापरायला कायद्याच्या कलम 30 नं मुभा दिली आहे. आपल्या नावानं माल विकणाऱ्या या कारखानदारांबद्दल मला आदर आहे. माल खराब निघाला तर शिव्या खायला ते स्वतः हजर असतात. तिसरा प्रकार चोरीच्या नावाचा. खोट्या मार्क्याचा माल विकणं हा कलम 104 खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. तरीही तो येतो.

खरं-खोटं अण्णा कसं ओळखतात, ते बघत राहावं असं काम आहे. खोकं आधी हातात तोलतात. मग छपाईच्या कडा बघतात, कारण खोट्या खोक्यावर रंग ओळीबाहेर सांडलेला असतो. होलोग्राम तिरपा करतात. किमतीच्या चिठ्ठीवरचा पार्ट नंबर आणि धातूवर ठोकलेला नंबर जुळवतात. शेवटी पार्टच नाकाजवळ नेतात. "खऱ्या लायनरला जळका वास नसतो," ते म्हणाले. ही कसोटी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, चाळीस वर्षं काउंटरला उभं राहिलेल्या माणसाची ती आहे.

सुट्या भागांच्या एका कारखान्यानं जगातल्या बड्या कंपनीशी झुंज देऊन नाव राखल्याचं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. टोयोटानं 1997 साली जपानमध्ये 'प्रियस' ही गाडी आणली. दिल्लीची प्रियस ऑटो इंडस्ट्रीज 2001 पासून त्याच नावानं गाड्यांचं सजावटीचं सामान विकत होती आणि 2002 साली तिनं नावाची नोंदणीही केली. टोयोटा 2009 मध्ये कोर्टात गेली. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जगभर नाव झालं असेल, पण 2001 साली भारतातल्या गिऱ्हाइकाला ते माहीत होतं याचा पुरावा कुठं आहे? नावाची किंमत जिथं गिऱ्हाईक आहे तिथंच मोजायची, हा निकाल मला योग्य वाटतो.

आकाराचं भांडण महिंद्राला अमेरिकेत झेलावं लागलं. 'रॉक्सर' ही त्यांची शेतावरची गाडी जुन्या जीपसारखी दिसते, अशी तक्रार 2018 मध्ये जीपच्या मालक कंपनीनं केली. चौकोनी अंग, सपाट उभ्या बाजू, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या. 2020 च्या जूनमध्ये तिथल्या व्यापार आयोगाचा निकाल विरोधात गेला, महिंद्रानं तोंडवळा बदलला, आणि डिसेंबरमध्ये बदललेल्या आकाराला मोकळीक मिळाली. आपल्याकडं मात्र कमांडर असो की ट्रॅक्स, वडापला लागलेली प्रत्येक गाडी जीपच असते. 'टेंपो' हेही मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. 1958 साली मुंबईत बजाज टेंपो सुरू झाली आणि बघता बघता मालाची कुठलीही लहान गाडी टेंपो झाली. नाव इतकं लोकांचं होणं मालकाला कौतुकाचंही असतं आणि धोक्याचंही. नावाचं भांडण महिंद्राच्या वाट्याला घरीही आलं. 2024 च्या डिसेंबरात त्यांच्या 'बीई 6ई' या नव्या गाडीवर इंडिगो विमान कंपनीनं हरकत घेतली, कारण '6ई' ही तिची खूण, आणि महिंद्रानं गाडीचं नाव 'बीई 6' केलं. एका अक्षराचा फरक, अण्णांच्या माळ्यावरच्या खोक्यांसारखाच.

तिसऱ्या दिवशी दुकानात ट्रॉली बनवणारा एक तरुण आला. शहराबाहेर, सोलापूर रस्त्याला त्याचा वेल्डिंगचा कारखाना आहे. त्याच्या ट्रॉलीचं नाव दुसरा कुणीतरी स्वतःच्या ट्रॉलीवर रंगवून विकतो, ही त्याची तक्रार. "दादा, त्याची हूक तुटली अन् शिव्या मला," तो म्हणाला. त्याला नाव नोंदवायचं होतं. मी त्याच्यासोबत कारखान्यात गेलो.

नाव होतं तुळजाभवानीचं. इथं नवी गाडी घेतली की आधी तुळजापूरला नेतात, त्यामुळं जिल्ह्यातल्या निम्म्या वाहनांवर आईचं नाव असतं. ते एकट्याचं कसं होणार? 'रामायण' नावाच्या उदबत्तीच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये धर्मग्रंथाच्या नावावर एकाची मक्तेदारी नाकारली होती. मग तो म्हणाला, गावाचं नाव देऊ. गावाचं नावही एकट्याच्या मालकीचं सहसा होत नाही. ते सगळ्यांचं मिळून होऊ शकतं, तो रस्ता वेगळा आहे. कुंथलगिरी खवा आणि तुळजापूरची कवडी यांना 2024 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन हे तसं सामाईक नाव आहे. ट्रॉलीचा आकार नोंदवता येईल का, असंही त्यानं विचारलं. पण ऊस रचायला बाजू बाहेर झुकवलेली असते, ती कामासाठी. काम साधण्यासाठी जो आकार घ्यावाच लागतो, तो ट्रेडमार्क होत नाही.

उरलं ते पेंटरच्या हातचं. त्याच्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर एकच पेंटर अक्षरं काढतो. आधी खडूची दोरी मारून रेघ, मग पांढरा थर, वाळल्यावर लाल, आणि कडेला पिवळी सावली. 2023 नंतर याच पेंटरनं कितीतरी फाळक्यांवर 'उस्मानाबाद' खरवडून 'धाराशिव' लिहिलं. एमएच 25 मात्र तसंच राहिलं. आम्ही त्या तरुणाच्या आजीचं नाव घेतलं, पेंटरनं ते आपल्या वळणात, उसाच्या दोन कांड्यांमध्ये बसवून काढलं, आणि त्याचा फोटो अर्जाला जोडला. वाहनांचा वर्ग 12, लहान उद्योगासाठी ऑनलाइन फी 4,500 रुपये. तपासणीत मंजूर झालं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं, चार महिने कुणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते. पुढं दर दहा वर्षांनी वाढवता येते.

अर्ज गेला त्या दिवशी त्याच्या आजी खाटेवर बसून होत्या. आपलं नाव ट्रॉलीवर कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. नातू म्हणाला, "आता ट्रॉली वाईट बनवता येणार न्हाई मला."

यंदाच्या हंगामाला पार्ट घ्यायला जाल तेव्हा कच्च्या चिठ्ठीवर परतू नका. पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागून घ्या आणि खोकं निदान गाळप संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.