नारेगावचा उकिरडा व नागरिकांची सभा

शहरातील एखाद्या वॉर्डात नागरिकांची व नगरसेवकांची सभा भरली म्हणजे तीत निघणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. नळास पाणी कोणत्या दिवशी येणार, घंटागाडी गल्लीत का फिरकत नाही, नाला कधी उपसला जाणार, खांबावरचा दिवा किती दिवस बंद राहणार, असे ते प्रश्न होत. नागरिक त्राग्याने बोलतात, नगरसेवक आश्वासन देतात, अधिकारी वहीत काही टिपून घेतात आणि सभा उठते. शेतकऱ्यांच्या मासिकात ह्या शहरी सभांचा विचार कशास हवा, असे आमचे काही वाचक म्हणतील. परंतु 'आमच्या गल्लीतील कचरा उचला' एवढ्या एका वाक्याने शहरातील सभेत जो प्रश्न मिटतो, तो गाडीत भरून वेशीबाहेर येतो व कोणाच्या तरी बांधालगत उतरतो. छत्रपती संभाजीनगर शहराने, त्या वेळच्या औरंगाबादने, 2018 साली ह्याचा जो अनुभव घेतला, तो सर्व जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ह्या शहराची महानगरपालिका 1982 च्या डिसेंबरात स्थापन झाली. पुढे औद्योगिक वसाहती वाढल्या, आजूबाजूची खेडी शहरात ओढली गेली व वस्तीबरोबर कचराही वाढत गेला. तो टाकण्याची जागा म्हणजे पूर्वेकडील नारेगाव. तीस वर्षांहून अधिक काळ तेथे कचरा पडत राहिला. 2018 च्या सुमारास शहरातून रोज 400 ते 450 टन कचरा निघत होता. ओला, सुका, काच, चिंध्या, प्लॅस्टिक, औषधांच्या बाटल्या, सारे एकत्र भरून येई व एकत्रच रिते होई. त्याचे डोंगर झाले. त्या डोंगरांच्या सभोवार नारेगाव, मांडकी व इतर गावांची शेते, विहिरी व गोठे होते.

असा ढीग शेजारी असल्याने काय होते, हे शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. तथापि त्यामागील कारण सांगणे अवश्य आहे. ओला कचरा उघड्यावर पातळ थरात कुजला, तर त्यास हवा मिळते व त्याचे खत होते. तोच कचरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंच रचला, म्हणजे आतील हवा संपते. मग तो सडतो, पेट घेणारा वायू निर्माण होतो व ढीग महिनोन् महिने धुमसत राहतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपून काळे व दुर्गंधी होते. आपल्याकडील जमिनीखाली काळा पाषाण असून त्यात भेगा आहेत. वर मुरूम आहे. अशा भूमीत ते पाणी मुरले की भेगांवाटे विहिरींपर्यंत जाण्यास त्यास आडकाठी राहत नाही. माश्या व मोकाट कुत्री ह्यांचा उपद्रव, उभ्या पिकावर उडून पडणाऱ्या पिशव्या आणि त्या खाऊन दगावणारी जनावरे, ही तर डोळ्यांस दिसणारी हानी झाली. विहिरीची हानी डोळ्यांस दिसत नाही, आणि ती लवकर भरूनही निघत नाही.

गावकऱ्यांची तक्रार एका दिवसाची नव्हती. 2017 साली दिवाळीच्या सुमारास त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. तेव्हा काही महिन्यांची मुदत मागण्यात आली व गावकऱ्यांनी ती दिली. मुदत सरली, गाड्या येतच राहिल्या. अखेरीस 16 फेब्रुवारी 2018 पासून गावकऱ्यांनी गाड्यांना कायमची बंदी केली आणि ह्या वेळी ते मागे हटले नाहीत. शहरात कचऱ्याचे ढीग चौकाचौकांत साचू लागले. लोक तो जाळू लागले, धुराने घसे बसू लागले, दुर्गंधीने दारे-खिडक्या मिटल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. नव्या जागेचा शोध सुरू झाला आणि जेथे जेथे जागा पाहिली जाई, तेथे तेथे लोक रस्त्यावर उतरत. 7 मार्च रोजी शहराच्या पश्चिमेकडील मिटमिटा येथे कचऱ्याच्या गाड्या गेल्या असता दगडफेक झाली, वाहने पेटली व पोलिसांनी लाठी चालविली. पुढे आयुक्तांची बदली झाली, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले व विधिमंडळातही ह्या विषयावर चर्चा झाली.

मिटमिट्याच्या लोकांस आम्ही दोष देऊ इच्छीत नाही. नारेगावची तीस वर्षांची अवस्था त्यांनी पाहिली होती. 'केवळ थोड्या दिवसांकरिता' ह्या शब्दांवर त्यांनी विश्वास कसा ठेवावा? शहरवासीयांसही सर्वस्वी दोष देता येत नाही. त्यांनी कर भरला होता आणि दारातील कचरा कोठे जातो हे त्यांस कोणी विचारले नव्हते. नगरसेवकांची अडचणही समजून घेतली पाहिजे. प्रत्येकाचे मतदार 'आमच्या वॉर्डात नको' असे सांगत होते, आणि मतदारांचे म्हणणे मांडणे हे तर त्याचे कामच. मग चूक कोठे झाली? आमच्या मते, ज्यांचा कचरा होता आणि ज्यांच्या शिवाराशेजारी तो पडत होता, ते दोन्ही पक्ष एका सभेत कधी बसलेच नाहीत, हे ह्या प्रकरणाचे मूळ आहे.

थोडा विचार केला म्हणजे हे स्पष्ट होईल. नगरसेवक आपल्या वॉर्डातील मतदारांस उत्तरदायी असतो. शहराच्या हद्दीपलीकडील शेतकरी त्यास मत देत नाही, त्यामुळे त्या शेतकऱ्याची विहीर बिघडली तरी नगरसेवकाचे आसन डळमळत नाही. इकडे गावात ग्रामसभा असते. कायद्याने ती वर्षातून किमान चार वेळा भरलीच पाहिजे. परंतु ग्रामसभेने कितीही ठराव केले तरी महानगरपालिका त्यांनी बांधली जात नाही. कचरा हद्द ओलांडतो, काळे पाणी हद्द ओलांडते. मताचा अधिकार तेवढा हद्दीवर थांबतो. ज्याचा आवाज सभेत पोहोचत नाही, त्यास रस्ता अडविण्यावाचून उपाय उरत नाही. नारेगावकरांनी तेच केले.

कायदा करणाऱ्यांस ही अडचण मुळीच सुचली नव्हती, असे नाही. राज्यघटनेतील 74 वी दुरुस्ती 1993 च्या जूनमध्ये अमलात आली. तिने 3 लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. तिनेच प्रत्येक जिल्ह्यास नियोजन समिती दिली आणि पंचायती व नगरपालिका ह्यांच्या समान हिताच्या गोष्टी, पाण्याची वाटणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्ती, ह्यांचा विचार करणे हे त्या समितीचे कर्तव्य ठरविले. महाराष्ट्रात 2009 साली कायद्यात दुरुस्ती होऊन शहरांकरिता क्षेत्रसभेची तरतूद झाली. थोड्याशा मतदानकेंद्रांच्या परिसरातील मतदार तिचे सभासद व तेथील नगरसेवक तिचा अध्यक्ष, अशी ती योजना, म्हणजे शहरी ग्रामसभाच म्हणावयाची. परंतु बहुतेक शहरांत ही तरतूद कागदावरच राहिली, आणि नियोजन समितीचा बहुतेक वेळ निधीच्या वाटपात जातो. कायदा आहे, परंतु तो कोणी मागत नाही. मागितल्यावाचून तो मिळतही नाही.

ह्या शहराच्या बाबतीत तर आणखी एक खंड पडला. महानगरपालिकेच्या सभासदांची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली आणि नवी निवडणूक 2026 च्या जानेवारीत झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. तक्रार ऐकावयास वॉर्डातील माणूस नसला म्हणजे सभेची सवय मोडते, नागरिकांचीही आणि कारभाऱ्यांचीही. आता 115 सभासदांचे सभागृह पुन्हा आले आहे, तेव्हा ही सवय नव्याने लावून घेण्याचा हा काळ आहे.

आता कचऱ्याची दुसरी बाजू पाहू, कारण शेतकऱ्याचे हित केवळ तो अडविण्यात नाही. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' असे आपल्याकडे म्हणतात. उकिरडा ही शेतकऱ्याची ठेव आहे, हे त्या म्हणीमागचे शहाणपण होय. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी 1924 ते 1931 ह्या काळात इंदूर येथे काडीकचरा, शेण व माती ह्यांचे थर रचून व ते वेळोवेळी फिरवून उत्तम कंपोस्ट करण्याची रीत बसविली. तीच तत्त्वे शहरातील ओल्या कचऱ्यास लागू पडतात. ढिगात ओल शेकडा 50 ते 60 असावी, हवा खेळावी, आतील उष्णता 55 अंशांवर काही दिवस टिकावी म्हणजे रोगजंतू व तणांचे बी मरते.

एक साधा हिशेब मांडू. शहराच्या रोजच्या कचऱ्यापैकी 200 टन ओला कचरा वेगळा हाती आला असे धरा. त्याचे वजन घटून शेकडा 15 ते 25 खत उरते, म्हणजे रोजचे 30 ते 50 टन. वर्षाकाठी ते 11,000 ते 18,000 टन होईल. हेक्टरी 5 टन ह्या मानाने 2,200 ते 3,600 हेक्टर जमिनीस ते पुरेल. मराठवाड्यातील जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आणि घरोघरची जनावरेही घटत चाललेली. अशा स्थितीत कापूस, मका, तूर, आले व मोसंबी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ह्या खताचे मोल किती, हे सांगावयास नको.

परंतु ह्यास एक अट आहे. कचरा घरातच वेगळा झाला पाहिजे. बॅटरीचे सेल, रंगाचे डबे व ट्यूबलाइटचे तुकडे ओल्या कचऱ्यात मिसळले, तर शिसे, कॅडमियम व पारा खतात उतरतो आणि खताबरोबर शेतात जातो. एकदा जमिनीत गेलेला जड धातू नांगरटीने निघत नाही. म्हणूनच सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टकरिता मर्यादा घातल्या आहेत: एका किलोत शिसे 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5 मिलिग्रॅम व पारा 0.15 मिलिग्रॅम, ह्याहून अधिक असता कामा नये. आणि कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या आत असावे. स्वस्त मिळते म्हणून तपासणीचा दाखला न पाहता असे खत कोणीही घेऊ नये. शहरातील गृहिणीने ओल्या कचऱ्याची बादली वेगळी ठेवली की नाही, ह्यावर शिवारातील मातीचे आरोग्य ठरते. दोघांचा संबंध इतका निकटचा आहे.

2018 च्या संकटातून काही चांगलेही निष्पन्न झाले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. कचरा वेगळा करण्याचा आग्रह तेव्हापासून शहरात खऱ्या अर्थाने सुरू झाला. चिकलठाणा व पडेगाव येथे प्रत्येकी रोज 150 टन कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे प्रकल्प उभे राहिले आणि कांचनवाडीस ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा रोज 30 टनांचा प्रकल्प झाला. एकाच गावावर पडणारे ओझे वाटले गेले. ही कामे दहा वर्षे अगोदर, शांतपणे, सभेत बसून करता आली नसती काय? मिटमिट्यास वाहने पेटावी लागली, हे आपल्या सभांचे अपयश होय.

तेव्हा सभा कशी असावी, ह्याविषयी आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. शहराच्या कडेच्या वॉर्डातील नगरसेवकांनी वर्षातून निदान दोन सभा शेजारच्या गावांच्या सरपंचांसह व शेतकऱ्यांसह घ्याव्यात. सभेची जागा पाळीपाळीने एकदा शहरात व एकदा गावात असावी, म्हणजे नगरसेवकास विहिरीचे पाणी पाहता येईल व शेतकऱ्यास शहरातील अडचण कळेल. स्त्रियांस बोलावण्यात हयगय होऊ नये; घरचा कचरा त्यांच्याच हातून जातो आणि पाणीही बहुधा त्याच भरतात. प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: काम कोणी करावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि न झाल्यास कोणी येऊन उत्तर द्यावयाचे. टिपण सभेतच वाचून दाखवून त्यावर सह्या घ्याव्यात, आणि पुढील सभेचा आरंभ त्याच टिपणापासून व्हावा. प्रकल्पाभोवतीच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे व त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

ह्यांत अवघड असे काहीच नाही. गावच्या पाणवाट्याचे तंटे आपले वाडवडील अशाच रीतीने चार माणसांसमक्ष मिटवीत आले. 2017 सालची मुदत जर अशा टिपणावर, तारखेसह व सह्यांसह नोंदली गेली असती आणि दर महिन्यास तिचा जाब विचारला गेला असता, तर पुढील फेब्रुवारीतील प्रसंग टळण्यास पुष्कळ वाव होता. तोंडी शब्द सभा संपताच विरतो. लिहिलेला शब्द पुढच्या सभेत पुन्हा समोर येतो.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची गावे कोणत्याही शहराच्या कडेला आहेत, त्यांस आमची विनंती आहे की, पुढील ग्रामसभेत त्यांनी हा विषय मांडावा. ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या शेकडा 15 किंवा 100, ह्यांपैकी जी कमी असेल ती; तेवढी माणसे घरोघर सांगून जमविणे कोणत्याही गावास अशक्य नाही. शहराचा कचरा, शहराचे सांडपाणी व शहराचे खत ह्यांविषयी महानगरपालिकेशी संयुक्त सभा भरविण्याचा ठराव करून त्याची प्रत आयुक्तांस, जवळच्या वॉर्डांतील नगरसेवकांस व जिल्हा नियोजन समितीस पाठवावी, आणि पोच घ्यावी. पहिल्या पत्रास उत्तर येणार नाही, असे धरून चालावे व दुसरे पत्र तयार ठेवावे. गाड्या अडविण्याचा दिवस कोणत्याही गावावर पुन्हा येऊ नये अशी इच्छा असेल, तर सभेस बसण्याचा दिवस आपणच ठरवून घेतला पाहिजे.