प्राथमिक शाळेत सर्जनशील विचारांची जोपासना

दुसरी-तिसरीच्या वर्गात जाऊन मुलांना 'तुम्हांला आवडेल ते चित्र काढा' असे सांगितले, तर बहुतेक पाट्यांवर एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरातून वाहत आलेली नदी, काठावर कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचे झाड. विदर्भातील सपाट काळ्या रानात वाढलेल्या, नारळाचे झाड क्वचितच पाहिलेल्या मुलाच्या पाटीवरही डोंगर आणि नारळ तेच असतात. वास्तविक हेच मूल शाळेत येण्यापूर्वी कोळशाने भिंतीवर मनाला येईल ते रेखाटीत होते, ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी करीत होते, ओल्या मातीचे बैल घडवीत होते. त्याला हे सारे कोणी शिकविले नव्हते. दोन-तीन वर्षांत त्याच्या मनात असे काय घडले, की 'तुला आवडेल ते' या शब्दांचा अर्थ त्याने 'गुरुजींना आवडेल ते' असा घ्यावा? प्राथमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाशी थोडे थांबणे आवश्यक आहे.

सर्जनशील विचार म्हणजे काय?

सर्जनशीलता म्हटली की कवी, चित्रकार अथवा शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे उभा राहतो आणि ही देणगी मोजक्या भाग्यवंतांची आहे, असा समज दृढ होतो. मानसशास्त्राने या समजाला फार पूर्वीच धक्का दिला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये तेथील मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे झालेल्या दुर्लक्षाकडे लक्ष वेधले. सर्जनशीलता थोड्याबहुत प्रमाणात सर्वांच्याच ठायी असते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी विचारप्रक्रियेचे दोन प्रकार मांडले. अनेक गोष्टींतून एकाच बिनचूक उत्तराकडे येणारा तो अभिसारी विचार आणि एका गोष्टीपासून निघून अनेक शक्यतांकडे जाणारा तो अपसारी विचार.

'सुपाचा उपयोग काय?' या प्रश्नाला 'धान्य पाखडण्यासाठी' हे एक उत्तर झाले. 'सुपाचे आणखी कोणकोणते उपयोग होऊ शकतील?' असे विचारले की कोणी त्याने वारा घालील, कोणी पावसात डोक्यावर धरील, कोणी त्यात पिले ठेवील, तर कोणी त्याचा ताशा करील. किती कल्पना सुचल्या, त्या किती निरनिराळ्या प्रकारच्या आहेत, त्यांत इतरांना न सुचलेली कोणती आहे आणि सुचलेली कल्पना मुलाने किती तपशिलाने फुलविली आहे, या चार अंगांनी अशा विचाराकडे पाहता येते. ही चारही अंगे सरावाने वाढतात आणि दुर्लक्षाने खुरटतात.

याचा अर्थ अभिसारी विचार कमी प्रतीचा आहे, असा मात्र नाही. सुचलेल्या दहा कल्पनांपैकी कामाची कोणती, हे ठरविण्यासाठी त्याचीच गरज लागते. शाळेचा बहुतेक सगळा वेळ एका प्रकाराला मिळतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही, ही खरी अडचण आहे.

कोसबाडच्या टेकडीवरील अनुभव

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार नव्याने सुरू झालेला नाही. नूतन बालशिक्षण संघाच्या वतीने ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर बहरले. त्या वेळच्या ठाणे आणि २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील हा आदिवासी भाग आहे. वारली पाड्यांवरील मुले शाळेत येत नव्हती. काही लहान भावंडे सांभाळीत होती, तर काही गुरे चारीत होती. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असा मार्ग या दोघींनी काढला. पाड्यावरील घरांच्या अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरे चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर पोहोचला.

शिक्षणाचे साहित्य विकत आणण्याइतका पैसा तेथे नव्हता. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले, काटक्या आणि माती हेच साहित्य झाले. मोजणी बियांनी होऊ लागली, वर्गीकरण पानांनी होऊ लागले. गैरसोयीतून निघालेल्या या वाटेत शिक्षणशास्त्राचे एक मोठे तत्त्व दडलेले होते. विकतच्या खेळण्याचा उपयोग बहुधा ठरलेला असतो. मूठभर चिंचोक्यांचा उपयोग मुलाला स्वतः ठरवावा लागतो. शिवाय ज्या झाडाचे पान हातात आहे, त्या झाडाविषयी पाड्यावरील मुलाला पुष्कळ काही ठाऊक असते. जे ठाऊक आहे त्याच्या आधारेच नवे सुचते.

याच भागातील वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात. या चित्रपरंपरेला जगापुढे नेणारे डहाणू तालुक्यातील कलावंत जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये 'पद्मश्री' मिळाली. ज्या घराच्या भिंतीवर अशी चित्रसृष्टी नांदते, त्या घरातील मूल शाळेत येऊन दोन डोंगर आणि एक सूर्य काढू लागले, तर तो दोष मुलाचा नव्हे. आपल्या घरचे ज्ञान शाळेत चालत नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. जिच्या घरी यापूर्वी कोणी शाळेत गेले नाही, अशी पहिल्या पिढीतील मुले ही समजूत फार लवकर करून घेतात. त्यांची सर्जनशीलता जपणे हा म्हणूनच केवळ हौसेचा विषय नाही. त्यात त्यांच्या शाळेत टिकण्याचा प्रश्नही गुंतलेला आहे.

प्रश्नाचे रूप बदलावे

सर्जनशील विचारांसाठी वेळापत्रकात वेगळी तासिका अथवा वेगळे पाठ्यपुस्तक लागत नाही. नेहमीचाच विषय शिकविताना प्रश्नाचे रूप बदलले, तरी पुष्कळ साधते.

गणिताच्या तासाला '१२ अधिक ८ किती?' या प्रश्नाला एकच उत्तर आहे. 'ज्यांचे उत्तर २० येईल अशी उदाहरणे तयार करा' असे सांगितले, तर कोणी बेरजा देतील, कोणी २५ मधून ५ काढील, कोणी चार पंचे वीस म्हणेल. मागे पडणारे मूलही त्यात एखादे उदाहरण घालू शकते आणि पुढे असणाऱ्या मुलाला मर्यादा राहत नाही. दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तेथे असा प्रश्न विशेष उपयोगी पडतो, कारण प्रत्येक इयत्तेला तो आपापल्या वकुबाप्रमाणे सोडविता येतो.

भाषेच्या तासाला गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुढचा भाग मुलांकडून सांगवून घ्यावा. तहानलेल्या कावळ्याला आसपास खडेच सापडले नसते तर त्याने काय केले असते, असे विचारावे. घरी आजीकडून ऐकलेले उखाणे आणि कोडी वर्गात सांगू द्यावीत आणि मग तशीच नवी कोडी रचावयास लावावीत. बोलीतील शब्द आला, तर तो खोडण्यापूर्वी फळ्यावर लिहावा आणि त्याच्याशेजारी प्रमाण भाषेतील शब्द लिहावा. आपल्या शब्दाला फळ्यावर जागा मिळाली, हे पाहून मूल पुढचे वाक्य बोलते.

परिसर अभ्यासासाठी तर शाळेचे आवार पुरेसे आहे. पाऊस पडून गेल्यावर पाणी कोठे साचते, कोठून वाहते, ते अडवावयाचे तर काय करता येईल, हे मुलांनी पाहावे, मातीत छोटा बांध घालून पाहावा आणि तो फुटला तर का फुटला याचा विचार करावा. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापूर येथे सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने अनुभव आणि प्रकल्प यांतून शिकण्याची ही वाट मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत अनेक वर्षे चालून दाखविली आहे.

वेगळे उत्तर आणि चुकीचे उत्तर

प्रश्न कितीही चांगला असला, तरी उत्तर आल्यानंतर शिक्षक काय करतात, यावर सारे अवलंबून असते. ४२ मधून १७ वजा करावयाचे आहेत. आठवडी बाजारात आईजवळ बसून भाजी विकणारा मुलगा हातचा न घेता उत्तर सांगतो : सतरात तीन मिळविले की वीस, विसात बावीस मिळविले की बेचाळीस, म्हणून पंचवीस. उत्तर बरोबर आहे, रीत निराळी आहे. 'पुस्तकातील रीत कर' असे म्हणून ते खोडले गेले, तर मुलगा वजाबाकी शिकेल. परंतु स्वतः शोधलेल्या वाटेला येथे किंमत नाही, हेही तो शिकेल. 'ही रीत सर्वांना समजावून सांग' असे म्हटले, तर वर्गाला दोन रीती मिळतात आणि त्या मुलाला आत्मविश्वास मिळतो.

दुसरी एखादी मुलगी याच उदाहरणाचे उत्तर ३५ देते. उत्तर चुकले आहे; तरी त्यातही विचार आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. तिला 'चूक' म्हणून खाली बसविण्याऐवजी 'सतरात पस्तीस मिळवून पाहा बरे' असे सांगावे. बेरीज ५२ येते आणि आपली चूक तिची तिलाच सापडते. जेथे चुकण्याची शरम वाटते, तेथे मुले खात्री असलेलेच बोलतात आणि खात्री असलेल्या गोष्टींत नवे काही नसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेगळ्या विचाराचे स्वागत म्हणजे शिस्तीला रजा किंवा चुकीला मान्यता नव्हे. पाढे पाठ असणे, अक्षर वळणदार असणे, वाचन ओघवते असणे यांची गरज मुळीच कमी होत नाही. ज्याच्याजवळ शब्दच थोडे आहेत, त्याला गोष्ट कशी रचता येईल? पाठांतर हे साधन आहे, याचा विसर पडून तेच साध्य ठरले की मात्र बिघाड होतो.

कायदा आणि धोरण

शासनाच्या पातळीवर या विचाराला आता कायद्याचा आधार आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कृती, शोध आणि अन्वेषण यांद्वारे शिक्षण व्हावे, मुलाला भय आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडण्यास त्याला साहाय्य करावे, असे या अधिनियमाचे कलम २९ सांगते. कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांस मनाई आहे. भीतीखाली कल्पना सुचत नाहीत, हा शिक्षकांचा अनुभव येथे कायद्याच्या भाषेत आला आहे. तत्पूर्वी यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात, शिकण्यातील आनंद हरवून त्याचे ओझे झाल्याची चिंता व्यक्त केली होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आणि शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळ आणि कृती यांना त्यात मध्यवर्ती स्थान दिले.

तथापि कायदा वर्गाच्या दारापर्यंतच येऊ शकतो. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना 'प्रगती समाधानकारक' हे एकच वाक्य सर्वांपुढे न लिहिता, या मुलाने या महिन्यात कोणता नवा प्रश्न विचारला, कोणती वस्तू स्वतःच्या कल्पनेने केली, याची एक ओळ शिक्षकांनी लिहिली, तरी त्यांची मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागते.

घराचा वाटा

शाळेतील हे काम घराच्या साहाय्यावाचून पुरे होत नाही. शाळेतून आलेल्या मुलाला बहुतेक घरांत 'आज किती गुण मिळाले?' असे विचारले जाते. 'आज तू काय विचारलेस?' असेही अधूनमधून विचारले जावे. त्यासाठी आईवडील शिकलेले असण्याची आवश्यकता नाही. 'ढग पाण्याचे असतात, तर ते खाली का पडत नाहीत?' या प्रश्नाचे उत्तर पालकांना देता आले नाही, तरी 'उद्या शाळेत विचार आणि मलाही सांग' एवढे म्हणता येतेच. घरातील मोडकी छत्री, रिकामे डबे, कापडाच्या चिंध्या मुलाच्या हाती दिल्या, तर महागड्या खेळण्याइतकेच, किंबहुना अधिक काही त्यांतून घडते.

चौथीच्या वर्गातून बाहेर पडणारे मूल किती धडे शिकले, हे परीक्षेतून कळते. ते अजून प्रश्न विचारते की नाही, हे मात्र शिक्षक आणि पालक यांनाच पाहावे लागेल. पुढच्या वर्षी दुसरी-तिसरीच्या पाट्यांवर एखादे निराळे चित्र दिसले, डोंगराऐवजी कापसाचे रान, नारळाऐवजी बाभूळ आणि तिच्याखाली बसलेली शेळी दिसली, तर त्या पाटीपुढे शिक्षकांनी क्षणभर थांबावे आणि 'हे कोठले रे?' असे कौतुकाने विचारावे. जोपासनेचा आरंभ तेथूनच होईल.